शेवटच्या टाइलमधला बुडबुडा

प्रिय मुंगे,

तुझा निरोप मिळाला. टाइल्स झाल्या असतील तर पार्सल करा, इकडे स्वयंपाकघर तयार आहे, गवंडी खोळंबलाय, आणि बाबा, कारणं नकोत. आता तुझ्या बापाला कारणं नकोत म्हणणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं आहे. तेव्हा कारणं मिळतील, आणि सविस्तर मिळतील. गवंड्याला सांग, या टाइल्सपुरता पट्टा मोकळा सोडून बाकीची भिंत उरक. आणि तो पट्टा शेगडीच्या मागे ठेवू नकोस. या टाइल्सवर भट्टीतली झिलई नाही, वरून ओतलेलं रेझिन आहे. ते धग सोसत नाही, आणि रोजच्या उन्हात पिवळं पडतं. आत शिरल्या शिरल्या दिसेल अशी सावलीची जागा बघ.

या रेझिनला माझा विरोध होता हे तुला माहीत आहेच, कारण माझा ज्याला विरोध असतो ते गल्लीला माहीत असतं. तुझ्या आईने उभा जन्म कारखान्यात टाइल्स रंगवल्या. तिथे चकाकी आगीतून यायची. काच वितळायची आणि टाइलच्या अंगाशी एक होऊन जायची, नखाने काढू म्हटलं तरी निघायची नाही. हजारो वर्षं माणसाने हेच केलं. राज्यं गेली, भाषा गेल्या, आणि मातीखाली झिलईचा तुकडा तसाच चमकत राहिला. आता भट्टी विझली, कारखान्याच्या जागी गाड्या उभ्या राहतात, आणि घरच्या टेबलावर रंगवलेल्या टाइलला चकाकी द्यायची तर दोन बाटल्या विकत आणायच्या. हे सगळं मी हार्डवेअरच्या दुकानदाराला उभ्या उभ्या ऐकवलं. आगीशिवायची चकाकी ही फुकटची चकाकी, आणि फुकटच्या चकाकीवर भाळलेला समाज तळाला जातो, इथपर्यंत आलो होतो. मागे गिऱ्हाईकं उभी होती, एकाने मान डोलावली, मला आणखी जोर चढला. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पटलं बघा सगळं. पण हार्डनरची बाटली काउंटरवरच राहिली." हार्डनरशिवाय रेझिन घट्टच होत नाही. माझा सगळा विरोध चिकट पाक होऊन घरभर पसरला असता.

पहिली टाइल मीच वाया घालवली. तुझ्या आईने सांगितलं होतं की दोन्ही बाटल्यांतलं सांगितलेल्या प्रमाणात घ्या आणि हळू ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. हळू म्हणजे काय हे मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. मी रवी घुसळावी तसा सुटलो. टाइलवर ओतलं तेव्हा फुलाच्या पाकळ्यांवर साबणाचा फेस सांडल्यासारखं दिसत होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो फेस तसाच कायमचा थिजला होता. तुझी आई आतून म्हणाली, "झालं का? आवाजावरून वाटलंच मला. वक्ते, ते भाषण नाही, ढवळणं आहे."

वक्ते. हे नाव तिने मला आमच्या पहिल्याच भेटीत दिलं, तुला ती गोष्ट अर्धीच माहीत आहे. युनियनचा पुढारी म्हणून मी कारखान्याच्या फाटकावर टाइल्सच्या खोक्यावर चढून बोलायचो. तेव्हा माझा एक लाडका मुद्दा होता. टाइलच्या पाठीवर कंपनीचा शिक्का असतो, पण पुढची वेल जिच्या हाताने काढली तिचं नाव कुठे असतं? माणसाचं काम घ्यायचं आणि माणूस पुसून टाकायचा, ही चोरी आहे, असं मी गर्जायचो. (आजही तेच म्हणतो. मुद्दा शिळा झालेला नाही, टाळ्या कमी झाल्या आहेत.) एकदा सभा संपल्यावर रंगखात्यातली एक बाई गर्दी ओसरेपर्यंत थांबली. एकटी तीच टाळ्या वाजवत नव्हती, म्हणून माझ्या लक्षात होती. जवळ येऊन म्हणाली, "वक्ते, तुम्हाला कुणीतरी आमच्या खुणांचं सांगितलंय. उद्याच्या सभेत ते काढू नका."

खुणा म्हणजे तुला ठाऊक असलेल्या. रंगखात्यातल्या बायकांनी सहीची परवानगी मागितलीच नव्हती. प्रत्येकीने आपलं एक चिन्ह ठरवलं होतं आणि ते रोज प्रत्येक टाइलमध्ये दडवून त्या घरी जायच्या. कुणाचा देठाला पडलेला गाठीचा ठिपका, कुणाचं उलटं पान. तुझ्या आईची मुंगी. वेलीवर, पाकळीच्या आत, फुलदाणीच्या बुडाशी, तिळाएवढी मुंगी. तपासनिसाला कधी दिसली नाही, कारण तपासनीस चूक शोधत असतो, मुंगी शोधत नसतो. मला हे समजलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी फाटकावर त्यावर असा काही बोलणार होतो की पोलाद वितळावं! आणि ही बाई मला सांगत होती की बोलू नका. "तुम्ही बोललात की टाळ्या तुम्हाला पडतील आणि भिंग तपासनिसाच्या हातात येईल. तुम्ही मागत बसा. आम्ही काढून मोकळ्या झालोय." मी तिला वचन दिलं. आयुष्यातलं माझं सर्वांत चांगलं भाषण मी गिळलं, मुंगे, आणि त्याच्या बदल्यात मला संसार मिळाला. सौदा वाईट नव्हता.

तू मोठी झालीस ते स्वयंपाकघर आठवतं ना? कारखान्यातला फुटका, टाचणीएवढ्या भोकांचा, रंग ओघळलेला माल कामगारांना घरी नेता यायचा. आपली भिंत त्याच मालाची होती. एका टाइलला दुसरीचं तोंड माहीत नव्हतं. निळ्या वेलीशेजारी लाल मासा, माशाशेजारी अर्धीच फुलदाणी. पाहुणे हसायचे आणि मी त्यांना ऐकवायचो की एकसारखेपणा ही मालकांची हौस आहे. तू मात्र खुर्ची ओढायचीस, तिच्यावर चढायचीस आणि बोट लावून मुंग्या शोधायचीस. "आई, ही सापडली! आई, ही पण!" आई पोळपाटावरून मान वर न करता विचारायची, "आणि माशाच्या पोटातली?" तू आकडे त्या भिंतीवर शिकलीस आणि तुझं नावही तिथेच पडलं. घर सोडलं तेव्हा भिंत काही बरोबर नेता आली नाही. तू इतक्या वर्षांनी तुझ्या नव्या घरासाठी आईच्या हातच्या टाइल्स मागितल्यास, आणि वर लिहिलंस की मुंगी हवीच, तेव्हा तुझी आई बराच वेळ तो कागद हातात धरून बसली होती. मला वाटलं, आनंदाने.

असो. रेझिनकडे येतो. दुसऱ्या खेपेला मी इतकं हळू ढवळलं की माझ्याच हाताला झोप लागली. भांड्यात एक बुडबुडा नव्हता. ओतलं, आरशासारखं पसरलं, मी छाती फुगवून तुझ्या आईला हाक मारली, आणि तेवढ्यात खालून एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग रांगच लागली. मला कट वाटला. तुझी आई म्हणाली, "तुम्ही उन्हात बसून ओतलंत ना? तिच्या पोटात हवा आहे." बिनझिलईची भाजकी टाइल आतून सच्छिद्र असते. ती तापत असताना वरून झाकली की आतली हवा फुगते आणि वाट काढते. आधी रेझिनचा अगदी पातळ हात पुसल्यासारखा फिरवायचा, म्हणजे छिद्रं बुजतात. तो जरा चिकटसर झाला की मग जाड थर. आणि ओतायचं ते टाइल तापताना नाही, निवताना. उन्हात कोमट करून घरात आणायची, आणि ती थंड व्हायला लागली की ओतायचं. निवताना ती श्वास सोडत नाही, आत घेते. भट्टीजवळ आयुष्य काढलेल्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही. माझ्या मात्र डोक्यात आलं की मी जन्मभर माणसांवर ओतलं ते सगळं ती तापत असतानाच, आणि त्यातही काही वाईट झालं नाही. काही गोष्टी तापतानाच सांगायच्या असतात. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "टाइलवर सांगा, टाइल ऐकतेय."

मी खरंच सांगितलं. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं होतं. लेव्हल लावून टेबल सपाट केलं होतं, टाइल चार टोपणांवर उचलून ठेवली होती म्हणजे कडेने ओघळलेलं खाली गळून जाईल. हीट गन एका जागी न थांबवता वरून झरझर फिरवली होती, आणि उरलेसुरले बुडबुडे टचटच फुटले होते. (एका जागी थांबलो तेव्हा खळगा पडला, तो वेगळा इतिहास आहे.) वरून धूळ पडू नये म्हणून खोकं झाकायचं तेवढं बाकी होतं. खोकं माझ्या हातात होतं. पण मनासारखं काम झालं की माणसाला बोलावंसं वाटतं. मी त्या ओल्या टाइलवर वाकून, ही मुंगी म्हणजे शतकानुशतकांच्या बिननावाच्या हातांची सही आहे वगैरे सुरू केलं, आणि चांगलंच रंगलं. दुसऱ्या दिवशी टाइलवर देवीचे व्रण असावेत तसे बारीक खड्डे. माझी थुंकी, मुंगे! ओल्या रेझिनला पाण्याचा कण चालत नाही. फाटकावर पहिल्या रांगेतले लोक छत्र्या का उघडायचे ते तुझ्या आईला त्या दिवशी पुन्हा आठवलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिने जुन्या ओढणीचं फडकं आणलं आणि माझ्या तोंडाला मागून करकचून गाठ मारली. "टाइल्स होईपर्यंत सोडायचं नाही."

आणि अशा रीतीने तुझा बाप गप्प झाला.

गप्प माणसाला काय काय दिसतं याची मला कल्पना नव्हती. ती टेबलाच्या त्या टोकाला रंगवत असायची, मी या टोकाला ओतत असायचो. मला दिसलं की ब्रश टेकवण्याआधी तिची करंगळी टाइलची कड चाचपते. रंगांच्या नळ्या तिने ओळीने लावून ठेवल्यात आणि मी एक हलवली तर ती चिडते. एका टाइलवर निळ्या वेलीला मधूनच हिरवं फूल आलं होतं. मी हात वर करून विचारणार होतो, तोंडावर फडकं होतं, राहिलं. घट्ट झालेली टाइल तपासायची तर ती खिडकीची चौकट त्यात सरळ दिसते का ते बघायची. जराही वेडीवाकडी दिसली तर थर सपाट नाही. कारखान्यात हे ती हातभर अंतरावरून, चालता चालता सांगायची. आता ती मला विचारत होती, "अहो, चौकट सरळ दिसते का बघा हो." आणि अलीकडे ती माझ्याकडे मान वळवून तिरकं बघते. मी याचा अर्थ काय लावला होता सांगू? वाटलं, उतारवयात बाईला पुन्हा माझ्यावर लाइन मारावीशी वाटतेय. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवा म्हणायची, तेव्हा वाटलं, शेवटी माझ्या आवाजाची कदर झाली. आणि तू तक्रार करायचीस ना, की आई फोन नीट धरत नाही, नेहमी छतच दिसतं?

शेवटची टाइल होती. वेल झाली, पान झालं. तिने बारीक ब्रश घेतला, करंगळीने कड चाचपली, श्वास रोखला, आणि एका दमात मुंगी काढली. काय मुंगी होती! सहाही पाय, मिशा, पाऊल उचललेलं. फक्त ती टाइलवर नव्हती. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर होती, कडेपासून बोटभर बाहेर. ब्रश खाली ठेवून ती म्हणाली, "झाली. ओता." मी काही बोललो नाही. फडकं होतं. पण मी जागचा हललो नाही, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला माझी शांतता ऐकू येते. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाहेर गेली का?"

मग तिने सांगितलं. मी व्याख्यानाला बाहेरगावी असताना शेजारच्या शिंपीणबाईंना घेऊन ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. डोळ्याच्या मधोमध डाग धरतोय. चष्म्याने भागणारं नाही, गेलेलं परत येणारं नाही. इंजेक्शनं आहेत, त्यांनी वेग कमी होईल, ती सुरू आहेत. ज्या दिवशी ती "शिंपीणबाईंबरोबर कापड बघायला" जाते त्या दिवशी ती तिथे असते. तिचेच शब्द लिहितो: "कडेचं दिसतं हो. जिथे बघायला जावं तेवढंच दिसत नाही." पूर्ण अंधार होणार नाही, चालता फिरता येईल. पण बारीक काम जातं, अक्षरं जातात, आणि चेहरे जातात.

मी फडकं सोडलं आणि पहिलं वाक्य हेच बोललो की मुंगीला आत्ताच्या आत्ता कळवतो. ती ताडकन उठली. "खबरदार. ती हातातलं काम टाकून धावत येईल आणि माझ्याकडे केविलवाणं बघत बसेल. तिने माझ्या हातच्या टाइल्स मागितल्यात, डोळ्यांच्या नाही. तुमच्या तोंडातून एक अवाक्षर बाहेर पडता कामा नये. वचन द्या." फाटकावरची तीच बाई, तोच आवाज. मी वचन दिलं.

शेवटची टाइल तशीच ओतली, मुंगीशिवाय. तिने पुन्हा काढायला नकार दिला. म्हणाली, एकदा सही केली, आता खाडाखोड नको. त्या टाइलला मी जिवापाड जपलं, पातळ थर, कोमट टाइल, निवताना ओतणं, सगळं. तरी पानाच्या टोकाशी एक बुडबुडा राहिला. खोकं काढलं तेव्हा लक्षात आलं, तोवर रेझिन घट्ट झालं होतं. मी घासून पुन्हा थर देणार होतो. तुझ्या आईने टाइलवरून बोट फिरवलं, अगदी सावकाश, आणि ते बरोबर तिथे थांबलं. पृष्ठभागावर जेमतेम उंचवटा होता, माझ्या बोटाला तर लागलाच नाही. "राहिलाय ना एक?" मी हो म्हणालो. "मग राहू दे. त्या टाइलमध्ये तिला शोधायला काहीतरी हवं."

तर टाइल्स झाल्या आहेत. बाकी सगळ्या निर्दोष आहेत, खिडकीची चौकट सुतासारखी सरळ दिसते. जुन्या चादरीत गुंडाळून दाराशी उभ्या ठेवल्यात, आणि मी त्या पार्सल करणार नाही. पहिल्यांदा तिने मला गप्प राहायला सांगितलं तेव्हा मी राहिलो, कारण तिचं बरोबर होतं. या वेळी तिचं चूक आहे, आणि चुकीपुढे मान तुकवायला तुझा बाप अजून शिकलेला नाही. वचन मोडलेलं नाही; तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही, फडकं बांधूनच हे लिहायला बसलोय, हवं तर तिला विचार. तू ये. टाइल्स न्यायला आले म्हण, पार्सलवाल्यावर भरवसा नाही म्हण, काहीही म्हण. केविलवाणं बघू नकोस, ते तिला आवाजातूनही कळतं. आणि आलीस की तिच्या अगदी समोर बसू नकोस, समोर डाग आहे. खिडकीकडे तोंड करून, तिच्या थोडी बाजूला बस, आणि ती मान वळवेल तेव्हा हलू नकोस. तिला तुझा चेहरा नीट बघून घेऊ दे.

तुझाच,
बाबा